इंटरनेटच्या डब्याचें दुखणें व त्याची परीक्षा

घरांतील दिवा विझला म्हणजे समजदार मनुष्य प्रथम खिडकींतून शेजारच्या घराकडे पाहतो. तेथेंहि अंधार असेल तर दोष गांवच्या तारेंत आहे. तेथें उजेड असेल तर दोष आपल्याच घरांत आहे. मग तो आपल्या फ्यूजकडे व शेवटीं दिव्याकडे वळतो. हा क्रम त्याला कोणी पुस्तकांतून शिकविलेला नसतो. परंतु घरांतील इंटरनेट बंद पडलें कीं हाच मनुष्य सारा क्रम विसरतो. डबा बंद करतो, पुन्हा चालू करतो, आणि तेवढ्यानें काम भागलें कीं दोष गेला असें समजतो. पुष्कळदां दोष गेलेला नसतो, तो कांहीं काळ झांकला गेलेला असतो. अशा झांकलेल्या दोषाचा शोध कसा घ्यावा, हा प्रस्तुत पाठाचा विषय आहे.

विद्यार्थिमित्रहो, हा विषय तुमच्या क्रमिक पुस्तकांत नसला तरी तुमच्या एका वर्षाचें भवितव्य त्यावर अवलंबून राहूं शकतें. १५ ऑगस्ट १९९५ रोजीं विदेश संचार निगमानें आपल्या देशांत सर्वसाधारण जनतेकरितां इंटरनेट खुलें केलें, तेव्हां तें मूठभर लोकांच्या उपयोगाचें होतें. आज शिष्यवृत्तीचा अर्ज, सातबाराचा उतारा व परीक्षेचें प्रवेशपत्र हीं सर्व त्याच वाटेनें येतात. २०२५-२६ ह्या शैक्षणिक वर्षापासून अकरावीची ऑनलाइन प्रवेशपद्धति संपूर्ण महाराष्ट्रास लागू झाली आहे. पसंतिक्रम भरण्याच्या शेवटच्या दिवशीं डबा रुसला तर जासईच्या विद्यार्थ्यास पनवेलच्या किंवा उरणच्या दुकानाकडे धांवावें लागेल, आणि मुदत त्याच्याकरितां थांबणार नाहीं. म्हणून ह्या डब्याची ओळख करून घेणें हें आतां चैनीचें ज्ञान राहिलेलें नाहीं.

ज्याला आपण एक डबा म्हणतों त्यांत वस्तुतः तीन कामगार राहतात. पहिला मोडेम. टेलिफोनच्या तांब्याच्या तारेंतून येणाऱ्या लहरींचें संगणकास समजणाऱ्या अंकांत रूपांतर करणें, व जातांना अंकांच्या पुन्हा लहरी करणें, हें त्याचें काम. ‘मॉड्युलेटर’ आणि ‘डिमॉड्युलेटर’ ह्या दोन शब्दांचीं आरंभींचीं अक्षरें जोडून त्याचें नांव बनलें आहे. फायबरच्या जोडणींत हेंच काम प्रकाशाच्या साहाय्यानें करणाऱ्या यंत्रास ओएनटी म्हणतात. दुसरा राउटर. घरांतील चार फोन, एक संगणक व एक टीव्ही ह्यांच्या मागण्या एकाच वाटेनें बाहेर पाठविणें, आणि आलेलें उत्तर ज्याचें त्याला देणें, हें त्याचें काम. तिसरा वायफाय, तो राउटरचा निरोप तारेवांचून, रेडिओच्या लहरींनीं घरभर पोहोंचवितो.

हे तिघेहि स्वतःच्या बुद्धीनें कांहीं करीत नाहींत. डब्यांत एक लहानसा संगणकच असतो, आणि त्यानें काय करावें हें सांगणारी आज्ञावली त्याच्या कायमच्या स्मृतींत लिहून ठेवलेली असते. वीज गेली तरी ती पुसली जात नाहीं. हिलाच फर्मवेअर म्हणतात. ही आज्ञावली माणसांनींच लिहिलेली असते; कारखान्यास माल लवकर बाजारांत आणावयाचा असतो; आणि डबा स्वस्तांत विकावयाचा असल्यामुळें त्याची स्मृति बेताचीच ठेवलेली असते. म्हणून फर्मवेअरमध्यें चुका राहतात. तार तुटली तर ती डोळ्यांनीं दिसते. आज्ञावलींतील चूक मात्र दिसत नाहीं. ती परिणामांवरून ओळखावी लागते.

आतां डबा बंद करून पुन्हा चालू केला कीं तो सुधारतो कां, हें समजून घेऊं. अशी कल्पना करा कीं शाळेचा शिपाई वर्गावर्गांतून चिठ्ठ्या गोळा करून बाहेर नेतो, आणि कोणाची चिठ्ठी कोठें गेली हें एका लहान वहींत टिपून ठेवतो. उत्तर आलें कीं वहींत पाहून तें त्या विद्यार्थ्यास द्यावयाचें व ती ओळ खोडून टाकावयाची, असा नियम आहे. पण शिपायास खोडण्याची आज्ञा द्यावयाचीच राहून गेली, तर काय होईल? पहिला दिवस ठीक जाईल, दुसराहि जाईल. पुढें केव्हां तरी वही भरेल आणि नव्या चिठ्ठ्या घेणें बंद होईल. राउटरचीहि अशीच एक वही त्याच्या तात्पुरत्या स्मृतींत असते. वीज तोडली कीं ही स्मृति पुसली जाते, वही कोरी होते, व काम पुन्हा सुरू होतें. परंतु चुकलेली आज्ञा कायमच्या स्मृतींत जशीच्या तशी असते. म्हणून तितक्याच दिवसांनीं वही पुन्हा भरते. बंद-चालू करणें हा उतारा आहे, औषध नव्हे.

अशी एखादी चूक किती दूर पोहोंचते ह्याचें एक उदाहरण प्रसिद्ध आहे. मे २००३ मध्यें अमेरिकेंतील विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या घड्याळ-संगणकावर अकस्मात् प्रश्नांचा मारा सुरू झाला. दर सेकंदास दोन लाखांहून अधिक विचारणा येऊं लागल्या. प्रथम हा कोणा दुष्टाचा हल्ला वाटला. शोध घेतां असें आढळलें कीं नेटगिअर कंपनीच्या कांहीं घरगुती राउटरांत वेळ विचारण्यासाठीं ह्या विद्यापीठाच्या संगणकाचा पत्ता कायमचा लिहून ठेवला होता, आणि उत्तर न मिळाल्यास दर सेकंदास पुन्हा विचारावें अशी आज्ञा होती. घरोघरच्या मालकांस ह्याची वार्ताहि नव्हती. कंपनीनें सुधारलेली आज्ञावली प्रसिद्ध केली, तरी ती ज्यानें आपल्या डब्यांत घातली नाहीं त्याचा डबा विचारीतच राहिला.

येथवर दोषाचें स्वरूप पाहिलें. आतां परीक्षेकडे वळूं. परीक्षेचे नियम दोनच. एका वेळीं एकच गोष्ट बदलावी. आणि जें पाहिलें तें तारीख-वेळेसह वहींत लिहावें. दोन गोष्टी एकदम बदलल्या व डबा सुधारला, तर कोणत्या गोष्टीनें सुधारला हें कळण्याचा मार्ग उरत नाहीं.

पहिली परीक्षा दिव्यांची. फायबरच्या डब्यावर ‘लॉस’ ह्या अक्षरांजवळचा तांबडा दिवा लागला किंवा लुकलुकत असेल, तर बाहेरचा प्रकाशच डब्यापर्यंत येत नाहीं. तंतु कोठें तरी तुटला आहे, दुमडला आहे किंवा निसटला आहे. हें काम कंपनीच्या माणसाचें. फर्मवेअरचा येथें संबंध नाहीं. तंतु उपटून त्याच्या टोंकांत डोळा लावून पाहूं नये. त्यांतील प्रकाश दिसत नसला तरी डोळ्यास अपाय करूं शकतो.

दुसरी परीक्षा सोबत्यांची. एकच फोन अडला आहे कीं घरांतील सर्व यंत्रें? एकच अडला असेल तर डब्यास दोष देऊं नये; त्या फोनची परीक्षा करावी.

तिसरी परीक्षा तारेची. संगणक डब्यास तारेनें जोडून पाहावा. तारेनें सर्व सुरळीत व वायफायवर मात्र अडखळत असेल, तर भिंती, अंतर किंवा त्याच लहरीवर बोलणारे शेजारचे डबे हें कारण असणें संभवतें. डबा कपाटांतून काढून उंच व मोकळ्या जागीं ठेवावा, आणि लहरीचा मार्ग बदलून पाहावा.

चौथी परीक्षा डब्याच्या घरच्या पानाची. प्रत्येक राउटरचें स्वतःचें एक पान असतें. त्याचा पत्ता डब्याच्या तळाशीं चिकटविलेल्या कागदावर छापलेला असतो. बहुधा तो १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ असा असतो. तार जोडलेली आहे, दिवे लागलेले आहेत, आणि तरीहि हें पान उघडत नाहीं, तर डबा आंतून गोठला आहे असें समजावें. पान उघडलें तर त्यावर दोन गोष्टी पाहाव्या. एक, बाहेरची जोडणी चालू असल्याचें तें सांगतें काय? दुसरी, डबा सलग किती वेळ चालू आहे? हा दुसरा आंकडा फार बोलका असतो. तुम्हीं डब्यास हात लावलेला नसतां तो आंकडा पांच मिनिटें दाखवीत असेल, तर डबा आपोआप बंद पडून पुन्हा उठला आहे. विजेची किंवा अडॅप्टरची तपासणी करावी. उलट आंकडा बारा दिवस दाखवीत असेल, बाहेरची जोडणीहि चालू म्हणत असेल, आणि तरी कांहींच चालत नसेल, तर संशय आज्ञावलीवर घ्यावा.

पांचवी परीक्षा नांवाची व अंकाची. इंटरनेटवरील प्रत्येक ठिकाणास अंकांचा पत्ता असतो. आपण नांव लिहितों आणि तें नांव कोणी तरी अंकांत बदलून देतो. हें काम पुष्कळ घरीं राउटरच्या मध्यस्थीनें होतें. संगणकावरील आज्ञेच्या खिडकींत ‘पिंग’ शब्द लिहून त्यापुढें ८.८.८.८ हा अंक लिहावा. अंकाकडून उत्तर येतें पण कोणत्याहि नांवाचें पान उघडत नाहीं, असें झालें तर वाट चांगली असून नांवें सांगणारा चुकतो आहे. अशा वेळीं संगणकावर नांवें सांगणारा दुसरा पत्ता घालून पाहावा. त्यानें काम झालें तर दोषाची जागा सांपडली.

सहावी परीक्षा वेळेची. आठ-दहा दिवस वहींत लिहावें: केव्हां बंद पडलें, त्या वेळीं किती यंत्रें जोडलेलीं होतीं, दिवे कसे होते, डबा हातास किती गरम लागला. दुपारच्या उन्हांतच बंद पडत असेल तर पंख्याखालीं ठेवून पाहावा. आमच्याकडे खाडीची खारी व दमट हवा तारांच्या टोंकांस गंज आणते. तीं टोंकें तपासावीं. अडॅप्टर बदलावयाचा तर व्होल्टचा आंकडा अगदीं तोच असावा. नऊच्या जागीं बाराचा लावल्यास डबा कायमचा निकामी होऊं शकतो.

ह्या सहा परीक्षांनंतर फर्मवेअरच्या दोषाचीं लक्षणें अशीं निघतात: दिवे ठीक असतात, सर्व यंत्रें एकदम अडतात, तारेवरहि तीच अवस्था असते, बंद-चालू केल्याबरोबर सुधारतें व सुमारें तितक्याच काळानें पुन्हा बिघडतें, थंड जागेचा व नव्या अडॅप्टरचा कांहीं उपयोग होत नाहीं. एका लक्षणावरून निर्णय करूं नये. चार-पांच एकत्र जुळलीं म्हणजे निर्णय करावा.

आतां उपाय. डब्याच्या पानावर त्याचा नमुना-क्रमांक व फर्मवेअरची आवृत्ति लिहिलेली असते. तीं दोन्ही वहींत उतरून घ्यावीं. डबा स्वतः विकत घेतलेला असेल तर करणाऱ्या कंपनीच्या स्वतःच्या ठिकाणीं त्याच नमुन्याची नवी आवृत्ति आहे काय हें पाहावें. नमुन्याचें नांव सारखें असून पुढील आवृत्ति-चिन्ह निराळें असेल तर ती आज्ञावली आपली नव्हे. जुन्या मांडणीची प्रत प्रथम जतन करावी. संगणक तारेनें जोडावा. वीज जाण्याचा संभव नसेल अशी वेळ निवडावी, आणि काम चालू असतां डब्यास हात लावूं नये. अर्धी लिहिलेली आज्ञावली म्हणजे पोटांतलें पुस्तक अर्धें फाटलेला डबा. तो बहुधा पुन्हा उठत नाहीं. डब्यामागील बारीक भोंकांतील बटन दाबून सर्व मांडणी पुसतां येते, परंतु त्याबरोबर कंपनीनें दिलेलें प्रवेशनाम व पासवर्डहि जातात. तीं आधीं लिहून घ्यावीं. अर्ज भरण्याच्या किंवा परीक्षेच्या दिवशीं ह्यांपैकीं कांहींच करूं नये. त्या दिवशीं मोबाइलच्या हॉटस्पॉटवर काम भागवावें, व डब्याची परीक्षा मागाहून करावी.

कित्येक म्हणतील, चालतें आहे तोंवर नव्या आवृत्तीची काय गरज? त्यांनीं पुढील हकीकत ध्यानांत घ्यावी. अनेक कंपन्यांच्या डब्यांत घरचें पान दाखविण्याचें काम ‘रॉमपेजर’ नांवाची एक आज्ञावली करीत असे. तींत २००२ मध्यें शिरलेली एक चूक तिच्या कर्त्यांनीं २००५ मध्यें दुरुस्त केली. तरी डिसेंबर २०१४ मध्यें चेक पॉइंट ह्या कंपनीच्या संशोधकांनीं जाहीर केलें कीं ती जुनी चूक जगांतील किमान १ कोटी २० लाख डब्यांत तशीच आहे, आणि तिच्या आधारें परका मनुष्य डब्याचा ताबा घेऊं शकतो. औषध नऊ वर्षांपूर्वीं तयार होतें. तें रोग्यापर्यंत पोहोंचलेंच नव्हतें.

आपल्या देशांतील उदाहरण २०१७ मधील आहे. त्या वर्षाच्या जुलै महिन्याच्या अखेरीस भारत संचार निगमाचीं हजारों मोडेमें एकाएकीं निकामी झालीं. ज्यांचा पासवर्ड कारखान्यांतून आला तसाच राहिला होता अशा मोडेमांत एका घातकी आज्ञावलीनें प्रवेश करून त्यांची स्मृति बिघडविली होती. ‘ब्रिकरबॉट’ ह्या आज्ञावलीच्या कर्त्यानें हें कृत्य आपलें असल्याचें सांगितलें. निगमानें ग्राहकांस पासवर्ड बदलण्याचें आवाहन केलें. तेव्हां डबा घरीं आला कीं त्याचा मूळ पासवर्ड त्याच दिवशीं बदलावा, आणि बाहेरून डब्याच्या पानावर येण्याची वाट उघडी असेल व कंपनीस तिची गरज नसेल तर ती बंद करावी.

ह्यावरून कोठूनहि मिळालेली नवी आज्ञावली आंधळेपणानें घालावी असा अर्थ मात्र कोणीं काढूं नये. जासईवरून जो रस्ता बंदराकडे जातो त्याच्या टोंकाशीं ह्याचा दाखला घडला आहे. जून २०१७ च्या अखेरीस जवाहरलाल नेहरू बंदरांत मर्स्क समूहाकडून चालविल्या जाणाऱ्या टर्मिनलचे संगणक बंद पडले व कंटेनरांची कोंडी झाली. ह्या ‘नॉटपेट्या’ नांवाच्या आघाताचा उगम युक्रेनमधील एका हिशेबाच्या आज्ञावलीच्या अपडेटांत होता. शत्रूनें तें अपडेट देणारें ठिकाणच आधीं ताब्यांत घेतलें होतें. हा प्रसंग घरगुती राउटरचा नव्हता, तरी धडा येथेंहि लागू पडतो. औषध घ्यावें, परंतु बाटलीवरील चिठ्ठी वाचून व ओळखीच्या दुकानांतून घ्यावें. फर्मवेअर करणाऱ्याच्या किंवा जोडणी देणाऱ्या कंपनीच्या ठिकाणाहूनच घ्यावें. ओळखीच्या मुलानें पाठविलेल्या फाइलींतून कधींहि नको.

पुष्कळ घरीं डबा कंपनीच्याच मालकीचा असतो व फर्मवेअर बदलण्याचा अधिकार ग्राहकास नसतो. तें कंपनी दुरूनच बदलते. अशा वेळीं आपलें शस्त्र म्हणजे आपली वही. “नेट चालत नाहीं” एवढ्याच तक्रारीस “डबा बंद करून चालू करा” हेंच उत्तर मिळणार. त्याऐवजीं असें लिहावें: “आमच्या डब्याचा नमुना अमुक व फर्मवेअरची आवृत्ति अमुक आहे. गेल्या पंधरा दिवसांत तो तीन वेळां, प्रत्येक वेळीं सुमारें पांच दिवस सलग चालल्यानंतर, गोठला. त्या वेळीं तांबडा दिवा नव्हता. तारेनेंहि घरचें पान उघडलें नाहीं. वीज व अडॅप्टर तपासले आहेत. कृपया नवी आवृत्ति घालावी अथवा डबा बदलून द्यावा.” अशा पत्रास टाळणें कठीण जातें. तक्रारीचा क्रमांक मागून घ्यावा. समाधान न झाल्यास कंपनीच्या अपील अधिकाऱ्याकडे जाण्याचा हक्क दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या २०१२ च्या नियमांनीं ग्राहकास दिला आहे. फोन उचलणाऱ्या माणसावर मात्र रागावूं नये. आज्ञावली त्यानें लिहिलेली नसते.

एक गोष्ट उरली. कांहीं वर्षांनीं कंपनी जुन्या नमुन्याची आज्ञावली सुधारणें सोडून देते. असा डबा चालत असला तरी त्याच्या चुका आतां कोणी दुरुस्त करणार नाहीं. म्हणून परवडेल तेव्हां तो बदलावा.

ह्या पाठांतील यंत्र कांहीं वर्षांत बदलेल. त्याचे दिवे, पत्ते व नांवें बदलतील. जवळून दूर पाहत जाणें, एका वेळीं एकच बदल करणें, पाहिलेलें लिहिणें, आणि लक्षण दबलें म्हणजे रोग गेला असें न मानणें, ही रीत मात्र बदलणार नाहीं. तेव्हां आजच घरीं गेल्यावर आपल्या डब्याचा नमुना-क्रमांक, फर्मवेअरची आवृत्ति व घरच्या पानाचा पत्ता एका वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा, आणि तिच्याजवळ एक पेन्सिल बांधून ठेवा.